रेकॉर्डिंगला हात ऐकू येत नाही

तोडुपुळा, २ नोव्हेंबर

जिन्सी चेची,

हे पत्र मी टाळत होतो. अम्मचीने पाकिटावर तुझा आयर्लंडचा पत्ता लिहून ते माझ्या उशाखाली सरकवलं, त्याला आज एकोणीस दिवस झाले. पहिले चार दिवस पेन नव्हतं. पेन मिळालं तेव्हा वाळक्कुळमला अननसाचे ट्रक भरायला माणूस कमी पडत होता, तिकडे गेलो. परत आलो तर पाकिटाच्या डिंकाला मुंग्या लागलेल्या. त्या कुठून येतात ते बघत दुपारभर बसलो. (भिंतीतून.) अम्मची रोज विचारते, "लिहिलंस का रे?" मी सांगतो, "अर्धं झालंय." अर्धं म्हणजे "जिन्सी चेची" एवढंच.

तिला माझ्याकडून एकच ओळ हवी आहे. सोळा तारखेला आपला बाप, आपले अप्पाचन जाऊन दोन वर्षं होतील. चर्चमध्ये प्रार्थना, कबरीवर धूप, मग घरी जेवण. तू यावंस अशी तिची इच्छा आहे, आणि "ये" असं मी लिहायचं, कारण "येऊ नकोस" मी म्हणालो होतो. "ज्याने दार लावलं त्यानेच कडी काढायची," असं ती म्हणते. फोनवर तुझा नंबर मी बंद करून टाकलाय. तो परत उघडायची लाज वाटते, म्हणून हा कागद.

ती ओळ आज हातून उतरत नाही. दुसरंच काहीतरी लिहितो.

मी नोकरीला लागलोय. हसू नकोस. पेशंटची नोकरी आहे.

झालं असं, की जुलैत मी एका टेम्पोवर होतो. त्या टेम्पोतून परदेशी जाणाऱ्या नर्सना परीक्षेपुरतं इंग्रजी शिकवणाऱ्या इथल्या क्लासात हॉस्पिटलची आणखी एक जुनी लोखंडी कॉट पोचवायची होती. स्क्रू नीट बसलेत का बघायला मी तिच्यावर आडवा झालो आणि धुळीने खोकला आला. दारात एक गोरीशी, चष्मेवाली बाई उभी होती. म्हणाली, "थांब. उठू नकोस. पुन्हा खोक." मी खोकलो. "इंग्रजी येतं?" मी म्हटलं, अळप्पुळाच्या हाउसबोटीवर दीड वर्ष काढलंय, गोऱ्यांशी भांडण्याइतकं येतं. तिने टेम्पोवाल्याला सांगितलं, "कॉट ठेवा. हाही राहू दे."

त्या ओमना मिस. तू त्यांना ओळखतेसच. जिन्यात तुझा हातभर फोटो आहे, खाली तुझे गुण. तू इथंच शिकलीस हे मला त्या जिन्यात कळलं. तेव्हा मी मुन्नारला होतो की पोल्लाचीला, देव जाणे.

वर्गाला इथे वॉर्ड म्हणतात. सलाईनच्या बाटलीत गुलाबी पाणी. वातावरण यावं म्हणून सकाळी फिनेल शिंपडतात. बावीस नर्स, प्रत्येकीला पाच मिनिटं. मला एक कार्ड मिळतं, तिला एक. माझ्या कार्डावर माझा रोग आणि माझा हट्ट, तिच्या कार्डावर तिने काय काय साधायचं ते. ती आत येते, नाव सांगते, मान डावीकडे कलती करते (बावीसही जणी डावीकडेच, मिसने शिकवलंय) आणि इंग्रजीत म्हणते, "तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकते." डोळे माझ्या डोक्यामागच्या घड्याळावर. दिवसातून बावीस वेळा मला कोणीतरी समजू शकतं. चेची, दुसऱ्याने चघळलेली सुपारी कोणी आपल्या तोंडात कोंबावी, तसं होतं मला. चार वाजता मी नळावर जाऊन चूळ भरतो.

आणि नव्या बॅचला पहिल्या दिवशी तुझं रेकॉर्डिंग ऐकवतात. आदर्श नमुना म्हणून. कुठल्याशा बनावट पेशंटची बनावट बायको मेलेली आहे, आणि तू त्याला इंग्रजीत सांगतेस: "हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तुमच्यासाठी हे किती कठीण असेल याची मी कल्पना करू शकते. थोडा वेळ हवा आहे का?"

हे शब्द मी आधी ऐकलेत. कुठे ते तुला माहीत आहे.

५ नोव्हेंबर

त्या दिवशी तिथेच पेन ठेवलं. बाहेर कोणाचा तरी नारळ पडला, तो बघायला गेलो.

आता लिहितोच. मिशन हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून, दुपारी चार वाजता, मी तुला फोन केला. म्हणालो, "अप्पाचन गेले. मी त्यांचा हात धरून बसलो होतो." आणि तू, माझी सख्खी बहीण, जिने मला न्हाऊ घातलं, जिने माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या, ती तू मला इंग्रजीत म्हणालीस: हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तुमच्यासाठी हे किती कठीण असेल याची मी कल्पना करू शकते. थोडा वेळ हवा आहे का?

मला वाटलं, नंबर चुकून कुठल्या मडमेला लागला.

मग मी काय बोललो ते तुलाही आठवत असेल. तुझं ते सॉरी तिकडेच बर्फात पुरून ठेव, इथे पाऊल टाकू नकोस, अप्पाचनला तुझ्यासारखी मुलगी नव्हतीच. तुझ्या बाजूने काहीतरी वाजलं. मी ऐकत थांबलो नाही, फोन कापला.

जुलैत त्या वर्गात मागच्या बाकावर बसून तीच तीन वाक्यं त्याच क्रमाने, त्याच आवाजात ऐकली तेव्हा मला घाम फुटला. म्हणजे बापाच्या मरणावरही तू परीक्षा दिलीस! ओमना मिस म्हणाल्या, "मुलींनो, आवाजातला ओलावा ऐका." मी उठून बाहेर गेलो आणि जिन्यात तुझ्या फोटोवर थुंकलो. मग शर्टाच्या बाहीने पुसलं. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता कागदावर आलं आहे आणि मी खोडत नसतो.

तरी मी नोकरी का सोडली नाही? कारण मी यात चांगला आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी चांगला आहे. आणि चांगला का, तेही ऐक. तो खोकला माझा नाही. अप्पाचनचा आहे. तीन दमात येणारा, शेवटी "अय्यो, कर्तावे" म्हणून देवाला हाक, आणि मग कॉटच्या दांड्यावर बोटाच्या पेराने दोन टिचक्या. रबराचा चीक ओतून झाल्यावर करवंटीवर मारायचे ना, अगदी तशाच. शेवटच्या महिन्यात त्यांना झाडंही दिसत नव्हती, पण टिचक्या सुटल्या नव्हत्या. मी ते सगळं उचललं. पहिल्याच दिवशी दोन मुली रडल्या. टाळ्या पडल्या, मला चहा आणि अंड्याचा पफ मिळाला. तेव्हा काही वाटलं नाही. शिसारी आली ती पफ संपल्यावर.

९ नोव्हेंबर

नव्या बॅचमध्ये एक शोशाम्मा आहे, वयाने मोठी म्हणून तिलाही चेचीच म्हणतो. वय एक्केचाळीस, बाकीच्या पोरी तिच्या मुलीसारख्या. मिशन हॉस्पिटलात एकोणीस वर्षं काढली आहेत. नवरा दोन वर्षांपासून तुझ्याच आयर्लंडात, लिमरिकला एका वृद्धाश्रमात कामाला आहे, त्याच्याकडे जायचंय. वाचणं, लिहिणं, ऐकणं तिन्ही पास. बोलण्यात दोनदा नापास. ही तिसरी आणि नवऱ्याने सांगितल्याप्रमाणे शेवटची खेप. नाहीतर तोच परत येणार आणि आयुष्यभर ऐकवणार.

नापास का होते ते मी पहिल्याच दिवशी पाहिलं. ती आत आली आणि नाव सांगायच्या आधी तिने माझ्या पाठीखालची उशी सरळ केली. मग माझी नाडी धरली. मग काहीच बोलली नाही, नुसती बसली. चेची, मी खोटा पेशंट, मला काही झालेलं नाही, पण माझा श्वास आपोआप खाली आला.

"शोशाम्मा!" मिस मागून ओरडल्या. "तोंड! तोंड कुठे आहे तुझं?"

"मिस, त्याला धाप लागलीय. धाप लागलेल्याशी बोलत नाहीत."

"परीक्षेत बोलतात. गुण देणारा माणूस हजारो मैलांवर बसलाय, त्याच्या कानात फक्त रेकॉर्डिंग आहे. रेकॉर्डिंगला हात ऐकू येत नाही. समजलं? तू तिथे त्याचे पाय चेपलेस तरी शून्य."

"मग त्या माणसाला एकदा आजारी पाडा, मिस. मी हात लावते, मग विचारा ऐकू येतं का."

पोरी हसल्या. मिसही हसल्या, आणि मग म्हणाल्या, "हात मांडीखाली घाल. त्यांच्यावर बस. आता बोल."

तेव्हापासून एकोणीस वर्षं वॉर्डात काढलेली ती नर्स रोज स्वतःच्या हातांवर बसते आणि मान डावीकडे कलती करते. मला बघवत नाही. मिस वाईट नाहीत, हे मला आणखीच घाण वाटतं. त्या रोज संध्याकाळी स्वतःच्या वेळेतून तिची एक तास जास्त तयारी करून घेतात. त्यांना खरंच ती पास व्हायला हवी आहे.

अम्मची विचारत होती. म्हटलं, पाऊण झालं.

११ नोव्हेंबर

आज मी हे सलग लिहिणार आहे. मध्ये काही पडलं तरी उठणार नाही.

कार्ड असं होतं: फुप्फुसाचा जुना आजारी, घरी जायचा हट्ट धरतो, नर्सने त्याला थांबायला राजी करायचं. शोशाम्मा चेचीची पाळी. ती हातांवर बसली. मिसने टेबलावर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. मी खोकलो, तीन दमात. "अय्यो, कर्तावे." दांड्यावर दोन टिचक्या.

ती थांबली. मान डावीकडची सरळ झाली.

"हा खोकला तुझा नाही," ती म्हणाली. आपल्या भाषेत.

"इंग्रजीत, शोशाम्मा," मिस मागून म्हणाल्या.

"हा सात नंबरच्या कॉटचा आहे. रबरवाले कुर्याको अप्पाचन. ते पण अशाच टिचक्या मारायचे, आम्ही सिस्टर लोक म्हणायचो, अप्पाचनची करवंटी रिकामी झाली." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तू त्यांचा मुलगा. तू खाली गेला होतास."

चेची, मी हात धरून बसलो नव्हतो.

मी खाली होतो. हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर परोटा आणि बीफ खात होतो. शेजारी दोन लॉरीवाले भांडत होते, हत्ती पोहताना सोंड वर का धरतो यावरून. एक म्हणत होता श्वासासाठी, दुसरा म्हणत होता ऐटीसाठी. मी पंचाने बघावं तसा आळीपाळीने दोघांकडे बघत बसलो. परोटा कधीच संपला होता. चाळीस मिनिटं. वर गेलो तेव्हा चादर ओढलेली होती. कोण नर्स होती ते मी पाहिलंसुद्धा नाही. व्हरांड्यात जाऊन तुला फोन केला आणि पहिल्याच वाक्यात खोटं बोललो.

शोशाम्मा चेचीचे हात कधीच मांडीखालून निघाले होते. तिने माझं मनगट धरलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "मी तुला बोलवायला माणूस पाठवत होते. त्यांनी मला धरून ठेवलं. म्हणाले, नको सिस्टर. सकाळपासून उपाशी आहे पोरगा. जेवू दे त्याला. मग दोन टिचक्या मारल्या. दांड्यावर नाही. इथे, माझ्या मनगटावर. आणि झालं."

आता मी काय केलं ते वाच. मी रडत होतो, नाकातोंडातून पाणी येत होतं, आणि त्या तोंडाने मी इंग्रजीत म्हणालो: "हे समजावून सांगितल्याबद्दल धन्यवाद, सिस्टर. आता मला बरंच हलकं वाटतंय. माझे आणखी काही प्रश्न नाहीत."

पेशंटच्या कार्डावरची शेवटची ओळ. चार महिने रोज बावीस वेळा म्हणतो ती. मी शोधली नाही, निवडली नाही. घर अंगावर कोसळताना माणूस हाताला लागेल तो खांब धरतो, तसं झालं. आत दुसरं काही नव्हतंच.

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

खोटं नाही सांगत. बावीसपैकी एकवीस जणी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. एकीने शेजारणीला विचारलं, "हे नवीन कार्ड आहे का? आपल्याला पण मिळेल?" ओमना मिसने चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "फार सुंदर. फार खरं. पण शोशाम्मा, सगळं मल्याळममध्ये. शून्य. आता हेच, अगदी हेच, इंग्रजीत घेऊ. हात खाली."

शोशाम्मा चेची माझ्याकडे बघत होती. तिची परीक्षा बावीस तारखेला आहे. मी नाक पुसलं आणि म्हणालो, "घे."

तिने हात मांडीखाली घातले. मी खोकलो. ती मान कलती करून, वर्गात पाठ केलेलं ते सगळं, किती कठीण असेल, कल्पना करू शकते, हे म्हणत म्हणत माझ्या बापाचं मरण इंग्रजीत सांगत गेली. जेवू दे त्याला, हेसुद्धा. एकदाही अडखळली नाही. वीसपैकी एकोणीस गुण. एक कापला, कारण शेवटी "आणखी काही शंका आहे का?" असं विचारलं नाही.

नंतर ती मागच्या नळावर कोपरापर्यंत हात घासत होती, ड्यूटी संपल्यावर घासतात तसे. मी जवळ गेलो.

"आज माझ्याशी बोलू नकोस," ती म्हणाली. "मला जायचंय म्हणून बोलले. तुझा बाप मला काय म्हणेल..."

"काही नाही म्हणणार. तुला जेवू देईल."

तिने ओल्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घातला. मग साबण परत लावत म्हणाली, "जिन्यातली ती तुझी बहीण ना? नाकावरून कळतं. तिचं रेकॉर्डिंग नीट ऐकलंयस कधी?"

"चार महिन्यांत चार बॅचेस झाल्या. पाठ आहे."

"मग 'थोडा वेळ हवा आहे का'च्या आधी काय वाजतं?"

बारीकसं टण असं वाजतं. मला नेहमी वाटायचं, कोणीतरी चहात चमचा फिरवतंय.

"बांगडी आहे ती, गाढवा. कॉटच्या दांड्यावर आपटली. तिने हात पुढे केलाय. ओमना मिसला नाही कळणार, मला कळतं. आम्ही ड्यूटीवर बांगड्या काढतो ते यासाठीच, पेशंट जागे होतात."

१३ नोव्हेंबर

काल मिसकडून ते रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि कानाला लावून अकरा वेळा ऐकलं. अम्मचीने तुला दिलेली ती पातळ बांगडी. आणि त्या दिवशी फोनवरही तुझ्या तीन वाक्यांनंतर काहीतरी वाजलं होतं. मी थांबलो असतो तर कळलं असतं. मला हत्तीच्या सोंडेसाठी चाळीस मिनिटं होती आणि तुझ्यासाठी एवढा वेळ नव्हता.

मला अजूनही त्या वर्गाची किळस येते. ती जाणार नाही, जाऊही नये. कालच मी मिसना सांगितलं की पेशंट राहीन, पण तो खोकला आता मिळणार नाही. पाय मोडलेला, दात दुखणारा, काय हवं ते मागा. त्या म्हणाल्या, "आणि टिचक्या?" मी म्हणालो, टिचक्याही नाहीत. त्या डावीकडे मान कलती करून म्हणाल्या, "मी समजू शकते." आणि मग स्वतःच दचकल्या आणि तोंडावर हात ठेवला.

आज रजा घेतली आहे. ओसरीवर बसून लिहितोय. मागच्या दारी अम्मची सकाळपासून करिमीन साफ करतेय. दोघांसाठी सहा मासे. विचारलं तर म्हणते, "स्वस्त मिळाले." करिमीन कधीपासून स्वस्त झाले? काल तिने तुझी जुनी खोली झाडली, तर म्हणाली घूस शिरली होती. या बाईचं काही खरं नाही.

असो. आता टाळत नाही.

चेची, ये.

लिहिलं. एवढंसं होतं. सोळा तारखेला तीनच दिवस राहिलेत आणि टपालाला तिथे पोचायला दोन आठवडे लागतात, हे मला आत्ता सुचतंय. पाकीट उशाखाली आलं त्याच दिवशी लिहिलं असतं तर. ठीक आहे, पुढच्या वर्षी ये. नाताळला ये. कधीही ये. मी नंबर उघडतो, हे पत्र संपलं की लगेच उघडतो, फक्त

थांब. फाटकाशी रिक्षा आलीय आणि कोणीतरी बाई रिक्षावाल्याला झाडतेय, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "एडा, पेटी आहे ती, भाताचं पोतं नाही! आपटतोस कसली? सरळ धर! घरी बहीण नाही का तुला? आणि हसतोस काय, दात मोजू का तुझे?"

हा आवाज त्या रेकॉर्डिंगमध्ये नाही. हा झाडणारा आवाज मी अकरा वर्षं ऐकलेला नाही. अम्मची माशाचे हात पदराला पुसत पुढे आलीय, आणि तिला जराही आश्चर्य वाटलेलं नाही.

फाटकाची कडी मी गेल्या आठवड्यात बसवली, ती बाहेरून निघत नाही. चेची, तू फाटकावर बांगडी आपटते आहेस.